सॅक्रामेंटोचा नाद

फॉलसम, कॅलिफोर्निया
६ मे २०२३

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

"बास्केटबॉलच बघायचं तर शेजारी वॉरियर्ससारखी कप जिंकणारी टीम असताना सॅक्रामेंटो किंग्जच्या या रडतराऊतांच्या नादाला कशाला लागलास?" असं तू परवा विचारलंस. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहितोय.

आधी यंदाचं. सॅक्रामेंटो किंग्ज २००६ नंतर लागोपाठ सोळा मोसम प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, मुकले. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, एवढा वनवास दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. रामाचासुद्धा चौदा वर्षांत आटोपला. २०१८ मध्ये ड्राफ्टची (नवे खेळाडू निवडायची) दुसरीच निवड हातात असताना यांनी पुढे मोठा तारा झालेल्या लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं. त्यावरून लोक अजून कपाळ बडवतात. गेल्या वर्षी हॅलिबर्टनसारखं गुणी पोर देऊन साबोनिसला आणलं तेव्हाही शिव्याच पडल्या. आणि यंदा अख्ख्या लीगमध्ये रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, पहिला कोण? तर साबोनिस! ४८ विजय, लीगच्या पश्चिम गटात तिसरा नंबर. जिंकले की स्टेडियमच्या छपरावरून जांभळा लेझर आभाळात सोडतात. फेब्रुवारीत क्लिपर्सना दोन ओव्हरटाइमनंतर १७६-१७५ असं हरवलं. आमच्या मलिक मंकचे ४५ पॉइंट, फॉक्सचे ४२. बचाव करायचा असतो हे त्या रात्री दोन्हीकडचे विसरले होते, पण मजा आली लेका!

मग पहिल्याच फेरीत तुझे वॉरियर्स. गेल्या रविवारी सातव्या, निर्णायक मॅचला त्यांच्या करीने आमच्या घरात येऊन ५० पॉइंट ठोकले. विषय संपला.

या टीमचं बिऱ्हाड कायम पाठीवर. मूळची रॉचेस्टर रॉयल्स. १९५१ मध्ये न्यूयॉर्क निक्सना सात मॅचमध्ये हरवून एनबीएचं विजेतेपद मिळवलं, ते पहिलं आणि आजवरचं शेवटचं. १९५७ ला सिनसिनाटी, १९७२ ला कॅन्सस सिटी, १९८५ ला इथे सॅक्रामेंटोत. २००२ मध्ये प्लेऑफला लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध सहाव्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये पंचांनी लेकर्सना फाउलपोटी २७ फ्री थ्रो दिले आणि आम्ही हरलो. तो विषय इथे कुणाच्या घरी जेवताना काढू नकोस. २०१३ ला टीम सिएटलला निघालीच होती. लीगमधल्या बाकीच्या टीमच्या मालकांनी मतदान करून अडवली, आणि मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवेंच्या गटाने ती विकत घेतली. म्हणून तर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज खेळले. दोन्ही सराव सामने हरले, तो भाग वेगळा.

पण मी अडकलो तो सिनसिनाटीच्या दिवसांतल्या एका गोष्टीत. मॉरिस स्टोक्स. कृष्णवर्णीय, दांडगा गडी, पदार्पणातच रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू. मार्च १९५८ मध्ये साखळीच्या शेवटच्या मॅचला डोक्यावर आपटला, बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला तसा पुन्हा खेळायला उतरला! तीन दिवसांनी प्लेऑफमध्ये १२ पॉइंट आणि १५ रिबाउंड. परतीच्या विमानात तब्येत बिघडली आणि सगळं अंग लुळं पडलं. डोकं मात्र शाबूत. टीममधला जॅक ट्वायमन, गोरा, वय २३, सिनसिनाटीतच राहणारा. त्याने कायद्याने स्टोक्सचं पालकत्व घेतलं. ट्वायमन एकेक अक्षर म्हणायचा, हवं ते आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. असे शब्द जुळायचे. नुकसानभरपाईसाठी ट्वायमन भांडला, औषधपाण्याच्या खर्चासाठी दर उन्हाळ्यात खेळाडूंना गोळा करून मॅच भरवली. १९७० मध्ये स्टोक्स गेला, तोवर बारा वर्षं. २००४ मध्ये स्टोक्सला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतलं, तेव्हा तो मान स्वीकारायला ट्वायमनच उभा होता.

हे वाचल्यापासून वॉरियर्सच्या कपांचं मला काही वाटेनासं झालंय. आता तू हस.

नवा मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. यायचं नक्की असेल तर नोव्हेंबरात ये, म्हणजे टीम जरा स्थिरावलेली असेल. तारखा लवकर कळव, यंदा तिकिटं महागणार. काकूंना नमस्कार सांग, आणि येताना मेतकूट विसरू नकोस.

तुझा,
संज्या