तुझं नाव मी देऊन टाकलं

बोरिवली, मुंबई
रविवार, दुपारी

प्रिय इरे,

आधी कबुली देते, बाकीचं मग. तुझं नाव मी देऊन टाकलं. तुला न विचारता. गेल्या रविवारी इथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये घुगऱ्यांचा वास सुटलेला, चाळीस बायकांचा गलका चाललेला, त्यात मी पाळण्यावर वाकून मिलिंदच्या मुलीच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि म्हटलं, इरावती. आत्याचा हक्क तो. फोनवर सांगता आलं असतं, पण तू पहिल्याच वाक्याला “काहीतरीच काय गं” म्हणाली असतीस आणि पुढचा अर्धा तास आपण आंब्याच्या पेट्यांचे भाव बोलत बसलो असतो. म्हणून पत्र. हातातलं काम टाक आणि बसून वाच.

मिलिंदला एक्केचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली, हे तुला माहीतच आहे. तीन किलो आठशे. कृत्तिका नक्षत्र, दुसरा चरण, म्हणजे अक्षर आलं ‘इ’. पत्रिका मानायची नाही असं दोघांनी ठरवलेलं, पण अक्षर काय ते बघून ठेवायला काय जातंय, असं म्हणत बघितलंच. नेहाच्या मोबाईलमध्ये नावांची भली मोठी यादी होती. त्यातली निम्मी नावं अशी, की मुलगी मालाडची की मॅड्रिडची ते कळू नये. आईने ‘इंदू’ सुचवलं, सगळ्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. नेहाचे बाबा ‘इंद्रायणी’ म्हणाले. त्यावर मिलिंद म्हणाला, तो तांदूळ आहे. शेवटी गाडी ‘इरा’वर येऊन थांबली.

मी म्हटलं, इरा नको.

का, तर मी सत्तावीस वर्षं हजेरी घेते आहे. तीन हजारांवर मुलींची नावं तोंडाखालून गेली असतील. नोकरीला लागले तेव्हा पूजा आणि प्रियांकांचा सुळसुळाट होता. एका वर्षी एकाच वर्गात पाच पूजा होत्या, त्यांना मी आडनावानेच हाक मारायची. मग श्रावणी आल्या, सानिका आल्या, मग आर्या आणि अन्वी. इरा ही गेल्या सात-आठ वर्षांतली. आता दर वर्षी एखादी असतेच. पण इरावती? सत्तावीस वर्षांत एकही नाही. मी जुने हजेरीपट आठवून आठवून बघितलं. माझ्या ओळखीतली इरावती तू एकटी, आणि तूही आता कागदावर नाहीस.

लोकांना डोकं हवंय, धड नकोय, असं माझं मत झालंय. ‘वती’ म्हटलं की आजी दिसते. आठव ना, आपल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच प्रभावती, कलावती आणि लीलावती अशा तीन वत्या होत्या, आणि तिघींचं एकमेकींशी पटायचं नाही. त्यांच्या नाती झाल्या त्या प्रभा, कला नव्हे, एकदम प्राची आणि किमया. आता दोन अक्षरांचं नाव हवं, परदेशात कुणाची जीभ अडखळायला नको. तेवढ्यासाठी चांगल्या चार अक्षरांच्या नावाची शेपटी कापायची.

मी ‘इरावती’ म्हटल्यावर मिलिंद हसला आणि म्हणाला, “ऐरावत!” तुला आठवतंय ना, शाळेत तुला कोण काय म्हणायचं ते. पण गंमत ऐक. ऐरावत हा शब्दच मुळी इरावतीवरून आलाय. रामायणात, अरण्यकांडात, जटायू आपली वंशावळ सांगतो, त्यात भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा मुलगा ऐरावत, असं सरळ आहे. म्हणजे तू हत्ती नव्हेस, हत्तीची आई. तेव्हा हे माहीत असतं तर मधल्या सुट्टीतली आपली निम्मी भांडणं वाचली असती. नाहीतर आणखी वाढली असती.

खरा विरोध झाला तो नेहाच्या बाबांचा. ते पार्ल्याचे, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, माणूस अतिशय सज्जन, पण आवाज कायम वर्गातला. ते म्हणाले, “ताई, ‘इरा’चा अर्थ बघितलात का? अमरकोशात चार अर्थ आहेत. भूमी, वाणी, पाणी, आणि सुरा.” सुरा म्हटल्यावर आईने पदर तोंडाला लावला. मग त्यांनी कालिदास काढला. ‘मालविकाग्निमित्रा’त अग्निमित्राची धाकटी राणी इरावती. तिसऱ्या अंकात ती मद्य पिऊन, झोकांड्या देत, दासीला घेऊन बागेत येते, कारण राजाबरोबर झोपाळ्यावर बसायचं ठरलेलं असतं. आणि बघते तर राजा अशोकाखाली मालविकेशी गुलुगुलु बोलतोय. तेव्हा ही कंबरेची मेखला घेऊन राजाला मारायला धावते. “पोरीला हे नाव?” ते म्हणाले.

नेहा तोवर गप्प होती, पोरीला थोपटत होती. ती म्हणाली, “बाबा, राजाने मार खाल्ला का?”

नाव ठरलं ते तिथेच, इरे. माझ्या सगळ्या मुद्द्यांनी जे झालं नाही ते त्या दारू प्यायलेल्या राणीने केलं.

बाबांचा मोठेपणा असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच फोन. ऋग्वेदातल्या सातव्या मंडलात, नव्व्याण्णवाव्या सूक्तात, ‘इरावती धेनुमती हि भूतं’ अशी ऋचा आहे म्हणाले. विष्णूचं सूक्त, पण हे शब्द आकाश आणि पृथ्वी या दोघींना उद्देशून आहेत. माणसासाठी तुम्ही दोघी अन्नपाण्याने भरलेल्या, गाईंनी भरलेल्या असा. तिथे ते कुणाचं नाव नाही, विशेषण आहे, आणि द्विवचनी आहे. दोघींसाठी एक शब्द. ते व्याकरण समजावत होते आणि मी खिडकीत उभी राहून तुझा विचार करत होते. आता तू म्हणशील, हिचं चालू झालं.

तर नदीकडे येते. तुझं नाव नदीवरून, एवढं आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण इरावती एक नाही. आपल्या पंजाबातली रावी, ती मूळची इरावती. त्याआधी वेदांमध्ये परुष्णी. वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या निरुक्तात यास्क सांगतोच, की परुष्णीलाच इरावती म्हणतात. पुढे बोलता बोलता पुढचा ‘इ’ गळाला, मागचं ‘वती’ झिजलं आणि राहिली रावी. तीच लाहोरजवळून वाहते. हल्ली मुलींची ‘रावी’ अशीही नावं ठेवतात. म्हणजे काहींनी डोकं घेतलं, काहींनी पोट घेतलं, अख्खं नाव घ्यायला कुणी तयार नाही.

आणि दुसरी तुझी, ब्रह्मदेशातली. दोन हजार किलोमीटरहून लांब. तुझे आजोबा चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी आरामखुर्चीत बसायचे आणि आपण दोघी खाली फरशीवर. रंगूनच्या सागवानाच्या कंपनीत हिशेबनीस होते ते. ओंडके कसे नदीतून वाहत यायचे ते सांगायचे. एक वाक्य मला अजून पाठ आहे, “पावसाळ्यात पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याचा दिवा दिसतो.” १९४२ साली जपानी आले तेव्हा तिथले लाखो हिंदी लोक निघाले, त्यांतले किती तरी चालत, डोंगरांतून मणिपूर-आसामकडे. आजोबाही चालत आले. तो भाग मात्र त्यांनी आपल्याला कधी सांगितला नाही. बत्तीस वर्षांनी नात झाली तेव्हा तिला त्या नदीचं नाव दिलं. आपल्याला वाटायचं, किती आवडायचा त्यांना तो देश. आता वाटतं, आवडण्याशिवायही काहीतरी असेल.

या नावाची मराठीतली सगळ्यांना ठाऊक असलेली बाई म्हणजे इरावती कर्वे, आणि त्यांचीही गोष्ट तीच. १९०५ साली ब्रह्मदेशात, त्याच नदीकाठच्या म्यिंज्यान गावी जन्मल्या, म्हणून इरावती. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली संशोधन केलं, मग बर्लिनहून डॉक्टरेट, मग डेक्कन कॉलेज. घरी त्यांना इरू म्हणत. मी इथे एकच गोष्ट नोंदवून पुढे जाते. करमरकरांच्या कर्वे झाल्या, पण इरावतीच्या कुणी झाल्या नाहीत. महर्षी कर्व्यांची सून होती ती. आडनाव बदललं, नाव तेच राहिलं. आणि हे १९२०च्या दशकात.

तुझं लग्न १९९८ सालचं.

मी तुझ्या मागे उभी होते. ताम्हणात तांदूळ पसरले, श्रीकांतरावांनी अंगठीने लिहिलं, शुभदा. सुंदर अक्षर होतं, ते कबूल करते. सासूबाई म्हणाल्या, नदीचं नाव मुलीला ठेवू नये, नदी घरात राहत नाही. सगळे हसले. तूही हसलीस. मी घरी येताना चर्नी रोडला गाडीची वाट बघत रडले होते, हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. तू दूर चालली होतीस म्हणून रडतेय असं मला वाटलं होतं. श्रीकांतराव चांगले आहेत, तुझं बरं चाललंय, मला कुणाशी भांडायचं नाही. शुभदा हे नावही वाईट नाही. पण मी पंचवीस-सव्वीस वर्षं पाकिटावर ‘सौ. शुभदा’ लिहिते आणि आत ‘प्रिय इरे’, आणि दर वेळी पाकीट चिकटवताना वाटतं, आत कुणाला तरी लपवून पाठवतेय.

आणि तू गेलीस ती कुठे, तर रत्नागिरीला, थिबा पॅलेसपासून दहा मिनिटांवर. हे तुझ्या कधी लक्षात आलंय का? तुमच्या त्या थिबाला, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरात मंडालेहून धरून नेलं ते इरावतीतूनच, आगबोटीने. पुढच्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. पॅलेस बांधून झाला १९१० साली, आणि १९१६ साली तो तिथेच गेला. तीस वर्षं त्याने समुद्र बघितला, नदी पुन्हा दिसली नाही. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच काळात, १९०८ ते १९१४, मंडालेच्या तुरुंगात, इरावतीच्या काठी. अदलाबदलच म्हण. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा आपण पॅलेसच्या आवारात भेळ खात बसलो होतो. मी मुद्दाम सगळे फलक वाचले आणि तू म्हणालीस, “चल गं, दूध उतू जाईल.”

अजून एक. १९८९ साली ब्रह्मदेशच्या सरकारने देशाचं नाव इंग्रजीत म्यानमार केलं, तेव्हा नदीचं इंग्रजी स्पेलिंगही बदललं, तिथल्या उच्चाराच्या जवळ नेलं. म्हणजे साहेबाने दिलेलं टाकून बाईला माहेरचं परत. सरकारी हुकमाने होतं म्हणे असं काही.

बाकी किरकोळ. जन्मदाखल्यावर सध्या फक्त आई-वडिलांची नावं आहेत, मुलीचं नाव वर्षभरात फुकट घालता येतं, म्हणून मिलिंद आरामात आहे. इंग्रजीत व्ही लिहायचा की डब्ल्यू, यावर नवराबायकोचं अजून चाललंय. कर्वे डब्ल्यू लिहायच्या, म्हणून मी डब्ल्यूच्या बाजूने. मी चांदीची वाटी करून घेतली, तर सराफाने त्यावर ‘ऐरावती’ कोरून दिलं. चिठ्ठीवर नाव मी स्वतः, शिक्षिकेच्या अक्षरात, लिहून दिलं होतं! बदलून देतो म्हणाला, मग मीच नको म्हटलं. तीन किलो आठशेच्या पोरीला शोभतंय. आईने तिला ‘इरू’ म्हणायला सुरुवातही केली आहे, तिला कर्व्यांचं काही माहीत नसताना. आणि नेहाचे बाबा येतात तेव्हा पाळण्यापाशी उभे राहून पूर्ण नावाने हाक मारतात, चारही अक्षरं, वर्गात मारावी तशी. पोरगी दचकते आणि मग हसते.

मे महिन्यात ये. चार दिवसांसाठी का होईना, ये. तिच्या पाळण्यापाशी उभी राहून मी एकदा मोठ्याने “इरावती” म्हणणार आहे, आणि मला बघायचंय कोण वळून बघतं.

आणि हो, या वेळी पाकिटावर काय लिहिलंय ते बघितलंस का? तुमच्या पोस्टमनला हे नाव माहीत नसणार. पत्र उशिरा मिळालं असेल तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फिरून आलं असेल, त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
मंगल