महापौरांना खुले पत्र : १५ ऑक्टोबरला जुहूला याल का?

मा. महापौर,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

मागच्या १५ ऑक्टोबरला सकाळी मी जुहू विमानतळाच्या गेटपाशी जाऊन उभा राहिलो. दिवाळी तोंडावर होती, पार्ल्याच्या बाजारात कंदील लागले होते आणि घरून मला पणत्या आणायला पाठवलं होतं. मी वाट वाकडी केली. दहा-पंधरा मिनिटं मी तिथेच घुटमळतोय म्हटल्यावर सुरक्षारक्षक जवळ आला. "काका, कोणाला घ्यायला आलात?" मी म्हटलं, "विमान यायचंय." तो हसला. "विमान इथे नाही हो येत. इथे हेलिकॉप्टर. विमानाला टी-टूला जा. रिक्षा करून देऊ का?"

बिचाऱ्याने आपुलकीने विचारलं. त्याची चूक नाही. त्या गेटवर १५ ऑक्टोबरला कोणाची वाट बघायची, हे या शहराने त्याला कधी सांगितलेलंच नाही.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकडब्यात, उभ्याने पत्रं लावण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे या तारखेशी माझं नातं विमानाच्या बाजूने नाही, थैलीच्या बाजूने आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. लंडनची डाक इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत येत असे, तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ती हवेतून न्यायची हा या सगळ्याचा हेतू. थैलीचं वजन साधारण २५ किलो. माझ्या खात्यातला कोणीही गडी ती एका खांद्यावर टाकून पळाला असता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतले. विमानात रेडिओ नव्हता. खाली किनारा आणि नद्या ओळखत यायचं. जुहूहून तेच टपाल घेऊन त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट पुढे गेले आणि बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून मद्रासला पोचले.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, तो वेगळा झाला १९३६ साली. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि जुहू ही तिन्ही ठिकाणं एकाच इलाख्यातली. टपाल विमानाने दुसऱ्या इलाख्यात गेलं ते बेल्लारीला. आज त्या मार्गाचं पहिलं गाव परदेशात आहे.

टाटांची ही हवाई टपालसेवा जिथून चालायची ते जुहूचं मैदान तेव्हा कसं होतं? माडांखाली झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, तेच कार्यालय. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा आणि भरतीचं पाणी वर चढायचं. मग सगळं बिऱ्हाड गुंडाळून चार महिने पुण्याला, येरवड्याला. दिवाळी-उन्हाळा मुंबईत आणि पावसाळा पुण्यात असा संसार करणारी विमानसेवा दुसरी कुठली असेल तर मला माहीत नाही. आणि तरीसुद्धा पहिलं वर्ष संपलं तेव्हा सरकारी विमान खात्याच्या अहवालात या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची नोंद झाली. ज्याने डाकडब्यात बसून सिग्नलची वाट बघत रात्री काढल्या आहेत, त्याला हे वाचून अभिमान वाटतो आणि थोडा मत्सरही वाटतो.

याच्या दोन वर्षं आधी, १९३० मध्ये, आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर, दोन्हींपैकी कुठल्याही टोकाहून निघून, महिन्याच्या आत एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला ते मिळणार होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले आणि १७ वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे जादा प्लग काढून त्याला दिले. शर्यत अ‍ॅस्पीने जिंकली. हाच मुलगा पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. वाळवंटातल्या त्या धावपट्टीवर कोणी हारतुरे घेऊन उभं नव्हतं. पण प्रतिस्पर्ध्याच्या हातात नवे प्लग ठेवणं, याला मी स्वागत म्हणतो.

स्वागत कसं करायचं हे मुंबईला शिकवावं लागत नाही. २०२४ मध्ये विश्वचषक घेऊन संघ आला तेव्हा मरीन ड्राइव्हवर मुंगीला जागा नव्हती. पण १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित ही मुंबईची मुलगी जे. आर. डीं.चा तोच प्रवास पुन्हा करून जुहूला उतरली आणि आमच्या इमारतीत कोणालाच पत्ता नव्हता. मलाही दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मोबाइलवर, आणि घर माझं धावपट्टीपासून रिक्षाच्या मोजक्या भाड्यावर! कराचीहून निघणं शक्य नव्हतं, म्हणून ती भूजहून निघाली. १९७१ च्या युद्धात माधापरच्या बायकांनी रात्रंदिवस खपून दुरुस्त केलेली हीच ती भूजची धावपट्टी. छोटंसं हलकं विमान, जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, २३ व्या वर्षी, तसल्याच हलक्या विमानातून तिने एकटीने अटलांटिक ओलांडला होता. अशी कामगिरी करणारी ती जगातली पहिली स्त्री. आणि तिच्या आधी, १९८२ मध्ये, खुद्द जे. आर. डीं.नी वयाच्या ७८ व्या वर्षी लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं होतं. माझ्या वयाची माणसं जिना उतरताना कठडा धरतात.

थोडं कडू बोलतो, राग मानू नये. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट दरवर्षी कोणीतरी मला फॉरवर्ड करतं. तिला भरवशाचा पुरावा नाही. जे घडल्याची खात्री नाही त्यावर आपण तावातावाने भांडतो, आणि जे तारीख-वारासकट, थैलीच्या वजनासकट नोंदलेलं आहे त्याची साधी आठवण काढत नाही. जुहूने तर न बोलावलेले पाहुणेही उतरवून घेतले आहेत. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं अवाढव्य डीसी-८ विमान सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून इथेच येऊन टेकलं आणि धावपट्टी संपली तरी थांबेना. आमच्याकडच्या जुन्या मंडळींना हा किस्सा पाठ आहे. टपालाचा मात्र कोणाला ठाऊक नाही.

आता मागणं. विमानतळ आपल्या अखत्यारीत येत नाही, तो केंद्राचा, हे मला कळतं. पण रस्ता आपला आहे, पालिकेच्या शाळा आपल्या आहेत आणि प्रथम नागरिक आपण आहात. पाहुण्याला दारात जाऊन घ्यायचं काम घरातल्या मोठ्या माणसाचं. म्हणून दरवर्षी १५ ऑक्टोबरला एक तास, जास्त नको, पालिका शाळांच्या मुलांसाठी ते गेट उघडावं यासाठी आपण केंद्राकडे शब्द टाकावा. मुलांनी स्वतःच्या हाताने आजी-आजोबांना पोस्टकार्ड लिहावं. भूजहून किंवा अहमदाबादहून एखादं छोटं विमान यावं, मुलांच्या डोळ्यांदेखत थैली उतरावी आणि पोस्टमनने ती उचलून न्यावी. वैमानिकाला हार आपण घालावा. गेटबाहेरच्या फुटपाथवर पालिकेचा एक फलक असावा, मराठीत, ठळक अक्षरात, रिक्षातून जातानाही वाचता येईल असा. भाषणं नकोत, मंडप नको, बॅनर तर नकोच.

२०३२ मध्ये या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. मी मोजून पाहिलं, १५ ऑक्टोबरला शुक्रवार येतो. अजून अवकाश आहे असं वाटेल, पण आमच्या भागात एक पूल पुरा व्हायला किती वर्षं जातात हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे.

एक गोष्ट लपवत नाही. या धावपट्टीमुळे आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते आणि कितीतरी सोसायट्यांचा पुनर्विकास त्यापायी अडतो. "हलवा एकदाचं ते विमानतळ" म्हणणारे माझ्याच मजल्यावर राहतात आणि त्यांचं दुखणं खोटं नाही, गळकं छत माझंही आहे. त्यावर उत्तर शोधणं तज्ज्ञांचं काम. मला एवढंच वाटतं की ज्या मैदानावर पहिली थैली उतरली ते ठेवायचं की नाही हे ठरण्याआधी तिथे काय उतरलं होतं हे शहराला ठाऊक तरी असावं.

यंदाही १५ ऑक्टोबरला सकाळी मी गेटवर असेन. तो सुरक्षारक्षक कोणाला घ्यायला आलात म्हणून विचारीलच. महापौर यायच्या आहेत किंवा यायचे आहेत, असं काहीतरी सांगेन. आपण याल ना?

आपला नम्र,
विलेपार्ल्याचा एक निवृत्त टपाल कर्मचारी