आधी तपासणी, मग खरेदी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

राज्यातली जुनी ग्रंथालये, दप्तरखाने आणि लहान वस्तुसंग्रहालये यांना निधी मिळाला की तो बहुतेकदा तीन गोष्टींवर खर्च होतो : लोखंडी कपाटे, रंगरंगोटी आणि स्कॅनिंग. या संग्रहाला नेमका धोका कशाचा आहे, हे त्याआधी कोणी लिहून काढत नाही. धोक्यांची आणि गरजांची लेखी तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही संस्थेला जतनासाठी अनुदान देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे. तपासणी महाग असते हा गैरसमज आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

चाळीस हजार ग्रंथांच्या वाचनालयात सगळी पुस्तके उघडून बघावी लागत नाहीत. चिठ्ठ्या टाकून सुमारे ४०० प्रती काढल्या, तरी संग्रहाच्या अवस्थेचा अंदाज पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने बांधता येतो. अट एकच : निवड ग्रंथपालाच्या मर्जीने करायची नाही, नाहीतर सुस्थितीतली पुस्तकेच पुढे येतात. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. बांधणी सुटली आहे का, कडांचे तुकडे गळतात का, पाण्याचे डाग, बुरशी, कसर, चिकटपट्टीचे पिवळे चट्टे. प्रतीमागे पाच मिनिटे धरली तर हे काम आठवड्याभरात उरकते.

किडीचे उदाहरण घ्या. पानांना भोके दिसली की दरवर्षी फवारणी होते. पण भोके जुनी की किडा अजून जिवंत, हे कोणी बघितलेले असते? फळीवर काळा कागद अंथरून पुस्तके पुन्हा लावावीत आणि पंधरा दिवसांनी पाहावे. त्यावर ताजा बारीक भुसा पडलेला असेल तर कीड चालू आहे आणि फक्त तेवढे कपाट वेगळे काढून उपचार करावा. भुसा नसेल तर फवारणीचा पैसा वाया जातो आणि विष वाचकांच्या नाकात जाते. मोडी कागदपत्रांच्या रुमालांतही, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतही, असेच बारकावे असतात. नवे कापड खळ धुऊन न काढता वापरले तर ती खळच किडीला बोलावते, आणि लाल कापडाचा रंग कच्चा असेल तर पाणी लागताच तो कागदात उतरतो. काजळीची शाई एकवेळ टिकते, पण हा डाग निघत नाही.

आर्द्रतेची नोंद वर्षभर हवी. दर अर्ध्या तासाला तापमान आणि आर्द्रता टिपणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. कोकणात पावसाळाभर ती त्याहून खूप वर असते. अशा ठिकाणी दिवसा एसी आणि रात्री बंद, ही पद्धत एसी नसण्यापेक्षा वाईट, कारण गार झालेल्या कागदावर रात्री दमट हवा येऊन बसते. ओलसर भिंतीला चिकटवून ठेवलेले बंद कपाट हा बुरशीचा दुसरा अड्डा. ते निदान सहा इंच पुढे ओढा, त्याला खर्च नाही.

आता धोक्यांची क्रमवारी. इक्रॉम ही सांस्कृतिक वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि कॅनडाची जतनसंस्था यांनी घालून दिलेली पद्धत सोपी आहे. तीन प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण : हा धोका किती वर्षांनी येतो, आला तर बाधित वस्तूचे किती मोल जाते, आणि संग्रहाच्या एकूण मोलापैकी किती भाग त्याच्या तडाख्यात सापडतो. बेरीज पंधरापैकी. यात एका गुणाचा फरक म्हणजे दहापट फरक : दरवर्षी येणाऱ्या धोक्याला ५, तर दहा वर्षांनी येणाऱ्याला ४.

नदीकाठच्या वाचनालयाचा हिशेब मांडू. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे ३.५ गुण. पुरात बुडालेले पुस्तक जवळपास गेलेच, ५. तळमजल्यावर संग्रहाचा तीस टक्के ठेवा, ४.५. एकूण १३. त्याच इमारतीत गच्चीवरची टाकी दरवर्षी गळते, ५. ठिबकणाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या पुस्तकाचे दहा टक्के नुकसान, ४. बाधा मात्र हजारातल्या एका पुस्तकाला, २. एकूण ११. म्हणजे डोळ्यांसमोर ठिबकणाऱ्या टाकीपेक्षा न दिसणारा पूर शंभरपट घातक. टाकीची तक्रार मात्र दर बैठकीत होते, पुराचा विषय कोणी काढत नाही.

ही पूररेषा जलसंपदा विभागाने आखून ठेवलेलीच आहे, ती संस्थांच्या पत्त्यांवर ठेवून पाहायची आहे. चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये पाणी शिरले, २०२१ मध्ये पुन्हा शिरले. २०१९ मध्ये सांगलीच्या वाचनालयाचीही तीच गत झाली. दुर्मीळ ग्रंथ वरच्या मजल्यावर नेणे, खालची फळी रिकामी ठेवणे, आधी काय उचलायचे याची एका पानाची यादी अग्निशमन दलाकडे देऊन ठेवणे, एवढ्यावर बरेच भागते. उरलेल्यासाठी जवळच्या मासळीच्या शीतगृहाशी मे महिन्यातच बोलून ठेवा. ओल्या ग्रंथावर ४८ तासांत बुरशी धरू लागते, पण पिशवीत घालून उणे वीस अंशांवर ठेवला तर तो सावकाश वाळवायला महिने मिळतात. उन्हात मात्र घालू नये, पाने वाकडी होतात. गुळगुळीत कागदाची तर ओला वाळला की वीट होते, पाने सुटत नाहीत.

स्कॅनिंगला आमचा विरोध नाही. पण पानामागे दर ठरलेला ठेकेदार घाई करणारच, आणि ठिसूळ पान सपाट दाबले की घडीवर तुटते. कोणते दस्तऐवज आधी दुरुस्त करायचे, हे तपासणीनेच कळते.

पुराभिलेख आणि पुरातत्त्व आपल्या खात्यात, ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षणाकडे. म्हणून दोन्ही खात्यांचा संयुक्त शासन निर्णय हवा. पूररेषेतल्या शतायु संस्थांपासून सुरुवात करा, म्हणजे चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर. प्रशिक्षणासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र मुंबईतच आहे, लखनौलाही जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तपासणीचे प्रपत्र तीन पानांपेक्षा मोठे नको, नाहीतर ते भरले जाणार नाही. त्यावर संस्थेचा कार्यवाह आणि ग्रंथपाल दोघांच्या सह्या असाव्यात, आणि पुढच्या अनुदानाच्या प्रस्तावाला ते जोडल्याशिवाय प्रस्ताव स्वीकारू नये.

आपले,
ग्रंथ व दस्तऐवज जतनाचे काम करणारे कार्यकर्ते