खाज म्हणजे दरवेळी खरूज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोल्हापुरात कुत्रं खाजवायला लागलं की सल्ल्यांना तोटा नसतो. गोचीड असेल, खरूज असेल, करंजाचं तेल चोळा, एक सुई मारून आणा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण उतारवयातल्या कुत्र्याची खाज औषधानं दबते आणि औषध थांबलं की पुन्हा उसळते, तेव्हा कातडीतल्या लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरचीही शंका घ्यावी.

आमची चिंगी दहा वर्षांची. आधी पोटावर लाल चट्टे आणि कोंडा. मग काळंभोर नाक एका कडेनं गुलाबी पडलं, ओठाच्या कोपऱ्याचा रंग उडाला आणि तिथंच खपली धरू लागली. शेजारच्या काकूंनी कोड ठरवून टाकलं. आता कोडावर खपल्या कशाला धरतील! डॉक्टरांनी जागा बधिर करून चट्ट्यांचे बारीक तुकडे काढले, ते फॉर्मालिन या टिकवण्याच्या द्रावणात घालून तपासायला पाठवले. लिम्फोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कॅन्सर होऊन कातडीच्या वरच्या थरात घुसलेल्या निघाल्या, म्हणजे लिम्फोमाच. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं. कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी असली तर वरून कितीही पॉलिश मारून उपयोग नसतो. स्टेरॉइडचं तसंच. त्यानं लाली बसते, वर तपासणीत पेशी नीट ओळखू येत नाहीत. म्हणून तुकडा आधी, स्टेरॉइड मग.

हा रोग कातडीवर थांबेलच असं नाही. जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या, गुडघ्यामागच्या लसिका गाठी सुजतात. पुढं यकृत, प्लीहा, फुप्फुसं, अस्थिमज्जा, रक्तातसुद्धा तो पोचतो. चिंगीच्या गुडघ्यामागची गाठ अंग पुसताना हाताला लागली. सोनोग्राफीत प्लीहेवर डाग दिसले. लोमस्टिन नावाची माणसांच्या कॅन्सरवरची गोळी चालू आहे. तिनं पांढऱ्या पेशी घटतात, यकृतावर ताण येतो, त्यामुळं अधूनमधून रक्त तपासावं लागतं. रोग मुळापासून जात नाही, बहुधा काही महिनेच हाती असतात, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. खाज कमी झाल्यानं रात्री झोपते, हे काय थोडं आहे? आणि हा रोग संसर्गजन्य नाही. गल्लीतल्या पोरांना तिच्याजवळून हुसकू नका.

आपला जिल्हा म्हशींचा, सरकारी पशुवैद्यकांचा ओढा गोठ्याकडं असणार, त्यात गैर काही नाही. मागणी एवढीच, की जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात असे तुकडे स्वीकारून ठरलेल्या वारी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवावेत. शिरवळ पुण्याच्या हमरस्त्यावरच आहे, फॉर्मालिनमधल्या तुकड्याला बर्फही लागत नाही. सोबतच्या चिठ्ठीवर जनावराचं वय आणि आधी दिलेली औषधं तेवढी न चुकता लिहावीत.

– एक निवृत्त टर्नर, मंगळवार पेठ, कोल्हापूर