रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना त्यांचा रंग परत मिळवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रविवारी हॉलमधल्या गर्दीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते पहाटे कॅमेरा घेऊन ऐरोलीच्या खाडीवर जातात. त्यांच्या सत्तरीला ते फोटो सोसायटीला दाखवायचे ठरवले. प्रोजेक्टर भाड्याने आणला. तो घेऊन आलेल्या मुलाने तो बुटक्या टेबलावर तोंड वर करून ठेवला, कीस्टोनने, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगने, चित्र चौकोनी केलं आणि मुलगा गेला. पडद्यावर पक्षी हिरवट पांढरे, चिखल राखेसारखा. बाबा हळूच म्हणाले, "राहू दे, चालेल." ते ऐकून माझ्या पोटात तुटलं.

तुम्ही तिसऱ्या रांगेतून उठलात आणि घरून मोजपट्टी घेऊन आलात. पडदा सव्वासात फूट रुंद, म्हणून प्रोजेक्टर रुंदीच्या दीडपट, जवळजवळ अकरा फुटांवर. टेबलावर टेबल चढवून लेन्स पडद्याच्या खालच्या कडेला आणलीत, पडद्याच्या बरोबर मध्यावर, सरळ. मग कीस्टोन शून्यावर. "दाबून चौकोनी केलं की बारकावे जातात," एवढंच म्हणालात. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ पिक्सेलचं चित्र पाठवत होता. तो प्रोजेक्टरच्या मूळ १९२० बाय १०८० वर नेलात. रंगांचा डायनॅमिक मोड काढून सिनेमा मोड लावलात, तेव्हा हिरवी झाक गेली. शार्पनेस उतरवलात, तर पायांभोवतीच्या पांढऱ्या रेघा नाहीशा झाल्या.

ब्राइटनेसला मात्र तुम्ही खूप वेळ दिलात. चिखलाचा फोटो लावून आधी चिखल पूर्ण काळा होईपर्यंत ब्राइटनेस उतरवलात, मग पावलांचे ठसे जेमतेम दिसतील इतकाच परत चढवलात. मी ट्यूबलाइट चालू ठेवा म्हणत होते, आजी-आजोबांना चालायला बरं म्हणून. तुम्ही म्हणालात, "अगं, प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथे उजेड पडत नाही, तोच काळा." मी हे कधी असं ऐकलं नव्हतं. दाराजवळचा एक दिवा ठेवून बाकीचे सगळे आपण बंद केले. वीस मिनिटांनी, प्रोजेक्टरचा दिवा नीट तापल्यावर, तुम्ही पुन्हा उठून फोकस केलात, तेही कोणी न सांगता.

आणि मग तो फोटो आला. एकाच थव्यात मोठा रोहित आणि छोटा रोहित. मोठा फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक. छोटा गर्द गुलाबी, चोच जवळजवळ काळी. आधीच्या चित्रात दोघे सारखेच दिसत होते. बाबा खुर्चीवरून उठले, पडद्यापाशी गेले आणि पोरांना बोटाने दाखवू लागले: हा मोठा, हा छोटा. पुढचा तासभर ते खाली बसले नाहीत. आईने त्यांना इतकं बोलताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

काका, तुम्ही स्वतः पूर्ण कार्यक्रम प्रोजेक्टरमागे उभे राहून पाहिलात, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. मनापासून आभार.

तुमची मोजपट्टी आमच्याकडे राहिली आहे. बाबा उद्या संध्याकाळी ती घेऊन चौथ्या मजल्यावर येतील, सोबत त्या थव्याच्या फोटोची मोठी प्रिंट.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची लेक
ऐरोली, नवी मुंबई