'चालत नाही' म्हणून करार मोडता येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या क्रीडा पानावर आपल्या प्रतिनिधीने फुटबॉल क्लबांना सल्ला दिला आहे, की जो खेळाडू चालत नाही त्याचा करार अर्ध्यावर मोडून मोकळे व्हा. वर 'युरोपात असेच करतात' अशी पुस्ती. एवढ्या आत्मविश्वासाने लिहिण्याआधी फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाची, खेळाडूंच्या करारांबाबतची नियमावली एकदा चाळली असती तर बरे झाले असते. कलम 13 अगदी लहान आहे, चहा निवायच्या आत वाचून होते.

त्या कलमाप्रमाणे व्यावसायिक खेळाडूचा करार मुदत भरल्यावर संपतो, नाहीतर दोघांच्या संमतीने संपतो. एकट्याने मोडायचा तर न्याय्य कारण लागते. गोल होत नाहीत, फॉर्म गेला, प्रशिक्षकाला आवडत नाही, गुडघा दुखावला, यातले एकही न्याय्य कारण ठरत नाही. फिफाच्या न्यायाधिकरणाने आणि लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने हे इतक्या वेळा सांगितले आहे की आता त्यावर वाद घालायलाही कोणी जात नाही. 'अमुक सामन्यांत अमुक गोल न केल्यास करार रद्द' असे कलम घालून क्लब सुटू पाहतात, पण मोडण्याचा अधिकार एकाच बाजूला देणारी अशी कलमे तिथे सहसा टिकत नाहीत. हापूसची बाग खंडाने घेतली आणि मोहोर गळला, म्हणून कोणी बागायतदाराकडे खंड परत मागायला जात नाही. खेळाडू निवडला क्लबने, धोकाही क्लबचाच.

लेखातल्या '10 टक्के नियमा'ने तर कहर केला. हंगामातल्या अधिकृत सामन्यांपैकी 10 टक्क्यांहून कमी सामन्यांत उतरवले गेले तर करार मोडण्याचा तो अधिकार कलम 15 प्रमाणे खेळाडूचा आहे, क्लबचा नव्हे! तोही प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला, आणि हंगामाचा शेवटचा अधिकृत सामना झाल्यापासून 15 दिवसांतच वापरता येतो. प्रतिनिधीने नियम उलटा टांगला.

युरोपचेच उदाहरण हवे असेल तर विन्स्टन बोगार्डे घ्या. 2000 साली लंडनच्या चेल्सी क्लबने या खेळाडूशी चार वर्षांचा करार केला. पुढे तो कोणाला नको झाला, चार वर्षांत जेमतेम डझनभर सामने मिळाले, पण गडी हलला नाही. 2004 पर्यंत सगळा पगार घेऊनच गेला. मेसुट ओझिलचे नाव लंडनच्याच आर्सेनल क्लबने 2020 च्या ऑक्टोबरात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेच्या खेळाडू-यादीतून वगळले, तरी करार मोडता आला नाही. जानेवारी 2021 मध्ये दोघांनी बसून ठरवले, तेव्हा तो तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबकडे गेला. तुमच्याकडे ज्याला 'हकालपट्टी' म्हणतात, ती बहुतेक वेळा पैसे मोजून केलेली तडजोड असते.

इकडे किनाऱ्यावर मात्र वेगळाच प्रकार चालतो. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाला गोव्यातल्या एका क्लबने गेल्या हंगामात मोबाईलवर दोन पाने पाठवली. पहिल्यावर एक ओळ: 'आपली कामगिरी अपेक्षेप्रमाणे नसल्याने आपणास मुक्त करण्यात येत आहे.' दुसऱ्यावर 'उभयपक्षी संमतीने' असा मथळा, खाली 'माझे क्लबकडे कोणतेही येणे नाही'. रकमेचा रकाना कोरा, तारखेची जागा कोरी. सही मात्र आजच्या आज हवी. तोवर त्याला संघाच्या सरावातून काढून मैदानाभोवती एकट्याला पळवत होते, खोली सोडायला सांगितले होते आणि दोन महिन्यांचा पगार अडकला होता. मुलाने सही केली. गावात चर्चा काय, तर 'खेळाक येणा नाय म्हणान काढल्यानी'.

त्या कोऱ्या तारखेतच खरी मेख आहे. खेळाडूंच्या नोंदणीसाठी ठरलेली मुदत, म्हणजे विंडो, बंद होण्याआधी करार संपला असेल, तर मोकळा खेळाडू विंडोनंतरही नव्या क्लबकडे नोंदवता येतो. विंडोनंतरची तारीख पडली की पुढची विंडो उघडेपर्यंत घरी बसा. क्लबने ती तारीख मागाहून भरली, आपल्या सोयीने.

सही न करता काय करता आले असते? दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडण्याचे न्याय्य कारण खेळाडूच्या हातात येते. हे कलम 14 बिस, म्हणजे 14 ला जोडलेले पुरवणी कलम, 2018 पासून लागू आहे. खेळाडूने स्वतःच सोडून जावे म्हणून मुद्दाम छळणे, हेही कलम 14 मध्येच येते. मग फिफाच्या पद्धतीने हिशेब असा: महिना 60 हजार आणि 10 महिने उरलेले, म्हणजे 6 लाख. नवा क्लब मिळालाच नाही तर पूर्ण 6 लाख. तेवढ्याच काळासाठी 35 हजारांवर मिळाला तर साडेतीन लाख वजा, उरले अडीच. करार थकबाकीमुळे मोडला असेल तर वर तीन पगार, म्हणजे 1 लाख 80 हजार. भरपाई मूळ उरलेल्या 6 लाखांच्या वर मात्र जात नाही. थकलेला पगार या सगळ्याशिवाय वेगळा. खेळाडू आणि क्लब दोन्ही भारतीय असतील तर तक्रार ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या खेळाडू-दर्जा समितीकडे जाते. परदेशी खेळाडू फिफाकडे जाऊ शकतो, पण दोन वर्षांच्या आत.

आणि जमवूनच घ्यायचे असेल तर कागदावर रक्कम हवी, हप्त्यांच्या तारखा हव्यात, एक हप्ता चुकला तर बाकीचे सगळे लगेच देय होतील हे वाक्य हवे. टीडीएस कापून की हातात, हेही लिहून घ्यावे, इथेच पुढे भांडणे होतात. दुखापत असेल तर उपचाराचा खर्च कोणाचा ते हवे. 'येणे नाही' हे वाक्य पैसे खात्यात जमा झाल्यावरच लागू होईल, असे लिहिल्याशिवाय पेन उचलू नये. आपल्या प्रतिनिधीने यातले दोन मुद्दे जरी छापले असते तरी वेंगुर्ला-सावंतवाडीच्या पोरांना उपयोग झाला असता. पण मग क्लबांना फुकटचा सल्ला कोणी दिला असता, नाही का?

जाता जाता, त्याच पानाच्या तळाशी आपण भरती-ओहोटीच्या वेळा देता. त्या मुंबईच्या असतात, आणि मुंबईची भरती मालवणच्या वेळेला येत नाही. आमच्याकडे रापण ओढणारे कोणी त्या वाचत नाहीत हे आपले नशीब, पण सिंधुदुर्ग किल्ला बघायला येणारे पाहुणे वाचतात. मालवणच्या वेळा मिळत नसतील तर निदान वर 'मुंबई' एवढे तरी छापावे.

कळावे,
एक वर्गणीदार, वेंगुर्ला