बॅले शिबिर: आधी जमीन बघा

संपादक महाशय,

मे महिन्याच्या सुटीतल्या बॅले शिबिरात व्यावसायिक मंचावर नाचलेले कलाकार शिकवणार असतील तर उत्तमच. पण पालकांनी आधी हॉलची जमीन बघावी. सिमेंटवर थेट बसवलेल्या लाद्यांवर उड्या मारल्या की धक्का नडगीला आणि गुडघ्याला बसतो. खाली पोकळी ठेवलेली लाकडी जमीन आणि वर न घसरणारे व्हिनाइल हवे.

पावले बाहेर वळवायची ती खुब्यातून; गुडघा पिळून साधलेले १८० अंश काय कामाचे? प्लिए, म्हणजे गुडघे वाकवण्याची क्रिया, करताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, हे शिक्षक तपासतो की नाही ते बघा. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचण्याचे बूट, साधारण वयाच्या ११-१२ वर्षांआधी नकोतच. आपल्या दमट हवेत त्यांची गोंदाने घट्ट केलेली टोके लवकर मऊ पडतात. पिशवीत कोंबू नयेत, पंख्याखाली वाळवावेत.

– काही नृत्यशिक्षक, फोंडा